विश्रांतीचा दाखला

माणसाने बेचाळीस दिवस काहीही करू नये, असं त्याला लेखी कळवणारा एक देश पृथ्वीच्या पाठीवर आहे, हे उखर्डू कौतिक पाटील यांना वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. कळलं तेव्हा ते धुळ्याच्या आपल्या घरात ओसरीवर बसले होते आणि चहा निवत होता. त्यांनी तो कागद उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला, आणि मग चष्मा पुसून पुन्हा सुलटा करून पाहिला. कागद अस्सल होता. फक्त त्यावर शिक्का नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

उखर्डू पाटलांना सगळी कॉलनी नाना म्हणते. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं काढून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, वारसाचा, असा माणसाला जन्मात लागेल तो प्रत्येक दाखला त्यांच्या हाताखालून गेलेला. माणूस जिवंत आहे यालासुद्धा दाखला लागतो म्हटल्यावर लोक हसतात. नाना कधी हसले नाहीत. समोर बसलेला माणूस जिवंत आहे हे दिसतं, पण दिसणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, असं त्यांचं मत होतं.

कागद आणला होता त्यांच्या मुलीने, मोहिनीने. मोहिनी चित्रकार. तीन वर्षांपूर्वी ती डेन्मार्कला गेली आणि कोपनहेगनच्या एका प्रकाशकाकडे लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढू लागली. तिथले लोक चार वाजले की टेबल आवरून सायकलीवर बसतात. मोहिनी मात्र सगळ्यांच्या शेवटी निघायची, शनिवार-रविवारीही जायची. नाना हे कॉलनीत अभिमानाने सांगत. "खुर्ची सोडायची नाही, बाकी सगळं आपोआप होतं," हा उपदेश त्यांनीच तिला विमानतळावर दिला होता. तिथल्या लोकांना मात्र वाटलं की या बाईच्या घरी काहीतरी दुःख असावं, म्हणून ती घरी जात नाही. ते तिला केक आणून देऊ लागले.

तिसऱ्या वर्षी मोहिनीचा उजवा हात थरथरू लागला. कप धरताना नाही, जिना चढताना नाही, फक्त पेन्सिल धरली की. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शेवटी तिथल्या कलावंतांच्या मंडळाने तिला वर्क-लाईफ बॅलन्स या विषयावर दोन तास समजावलं आणि सक्तीच्या रजेवर घरी पाठवलं. बेचाळीस दिवस चित्र काढायचं नाही. हात सुधारला तर एक मोठं पुस्तक तिची वाट पाहत होतं. नाही सुधारला तर ते दुसऱ्याकडे जाणार, आणि मोहिनी पुढे काय करणार हे तिलाही माहीत नव्हतं. सोबत तो कागद: नाव, तारखा, 'या व्यक्तीने या काळात विश्रांती घेतली' अशी एक ओळ, आणि खाली तिच्याबरोबर राहिलेल्या कुणाचीही सही.

"नाना, शेवटच्या दिवशी तुम्ही सही करा. झालं," मोहिनी म्हणाली.

नानांना धक्काच बसला. वडिलांनी मुलीला दाखला द्यायचा? हितसंबंधी माणसाची साक्ष कुठल्या कचेरीत टिकते? एवढा मोठा देश, एवढा उदार कागद, आणि त्यावर घरच्या माणसाची सही जाणार, तीही बिनशिक्क्याची. उद्या कुणी शंका घेतली तर पोरीचं पुस्तक गेलंच. सही सक्षम अधिकाऱ्याची पाहिजे आणि खाली गोल शिक्का पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. पुष्पाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या की शिक्का मिळेल तेव्हा मिळेल, आधी पोरीला जेवू द्या.

दिवस आखाजीचे होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, आणि त्यांना कुणी 'जरा पाणी दे' असंही म्हणत नाही. यासाठी कुठलंही मंडळ लागत नाही आणि फॉर्मही लागत नाही. डेन्मार्कला हे आत्ता कुठे सुचलं, याचं नानांना कौतुक आणि कीव दोन्ही वाटलं. त्यांनी मागच्या अंगणातल्या निंबाला दोर बांधून मोहिनीसाठी झोका टांगला आणि लगेच अर्ज लिहायला बसले.

कॉलनीला बातमी पोचायला एक सकाळ पुरली. चित्रकार पोर आली आहे आणि चित्र काढणार नाही, हे कुणाला पटेना. शेजारच्या बेबाबाईंच्या मुलाचं लग्न तोंडावर आलेलं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन मोर आणि मध्ये नवरा-नवरीची नावं, एवढीच त्यांची मागणी होती. मोहिनीने नम्रपणे नकार दिला. दुसऱ्या दिवशी बेबाबाई एका मोरावर तयार झाल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, मोर राहू दे, पिसारा तरी काढ. तरीही नकार आला तेव्हा त्यांनी बोलणं टाकलं, आणि लग्नाचा फराळ पाटलांच्या घरी पोचला तो तीन दिवस उशिरा, शेव मऊ पडल्यावर.

हाताच्या थरथरीवर सल्ले मात्र सगळ्यांकडे होते. कुणी मोहरीचं तेल सांगितलं, कुणी शिरपूरकडचा एक जाणकार सांगितला, कुणी म्हणालं की त्या देशात लोणी फार खातात, त्याने नसा घसरतात. एका निवृत्त मास्तरांनी रोज शंभर ओळी शुद्धलेखन काढायला सुचवलं. नानांनी प्रत्येकाला दारातच बसवून सांगितलं की तिला पूर्ण विश्रांती आहे. त्यावर मग विश्रांती कशी घ्यावी यावर तासभर चर्चा होई आणि ती ऐकायला मोहिनीला बाहेर बोलावलं जाई.

इकडे अर्ज घेऊन नाना कचेरीत गेले. आपल्याच जुन्या कचेरीत. ज्या टेबलावर त्यांनी अकरा वर्षं काढली तिथल्या कारकुनाने मान वर न करता "काका, टोकन घ्या" म्हटलं. नानांनी टोकन घेतलं. एकाहत्तर नंबर. नंबर आल्यावर कळलं की अर्ज आता कागदावर नाही, संगणकावर भरायचा असतो, आणि संगणकाच्या यादीत विश्रांतीचा दाखला नाही. हयातीचा होता, अविवाहित असल्याचा होता, शेतकरी असल्याचा होता. मनुष्य निवांत आहे याची शासनाने कल्पनाच केली नव्हती. शेवटी 'इतर' वर बोट ठेवलं. मग संगणकाने प्रयोजन विचारलं. त्यात शिक्षण, नोकरी आणि शासकीय योजना एवढेच पर्याय. शिक्षण नाही, नोकरीतून तर रजा, म्हणून नानांनी शासकीय योजना निवडली.

ही एक चूक महागात पडली. रांगेत नानांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने संगणकावर 'विश्रांती' आणि 'शासकीय योजना' हे दोन शब्द एकत्र वाचले. नाना रिक्षाने घरी पोचेपर्यंत योजना कॉलनीत पोचली होती. दारात सात बायका आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन उभ्या होत्या. नाना घसा सुकेपर्यंत सांगत राहिले की अशी योजना नाही. त्यांनी जितकं नाकारलं तितकी बायकांची खात्री पटत गेली, कारण खरी योजना असली की कारकून आधी नाहीच म्हणतो. बेबाबाई अबोला मोडून पुढे आल्या.

"माले बी भरी द्या नाना तो फॉर्म. तीस वरीस व्हयी गयात, मी थकेल शे."

नानांनी सगळ्यांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या. रात्री फाईल आवरताना मोजल्या तर सातऐवजी आठ निघाल्या. आठवी पुष्पाबाईंची होती. त्यांनी ती कुणाला न सांगता खालून सरकवून ठेवली होती. नानांनी ती सगळ्यांत वर ठेवली, परत खाली ठेवली, आणि फाईल बांधून टाकली.

अर्जावर शेरा आला की अर्जदाराने समक्ष हजर राहावं. म्हणजे मोहिनीला उन्हात रिक्षाने कचेरीत नेणं आलं. ती गेली, दोन तास बाकावर बसली, आणि आपण विश्रांती घेत आहोत असं तोंडी सांगून आली. मग प्रतिज्ञापत्र मागितलं. धुळ्यात नोटरी काही कमी नाहीत, पण पुष्पाबाईंचे भाऊ जीवराम जळगावला नोटरी. त्यांना डावललं तर ते पुढची दहा वर्षं भाऊबीजेला बोलून दाखवणार. शिवाय त्यांचा शिक्का कागदात रुतून उमटतो, बोट फिरवलं तर आंधळ्यालाही कळतो. म्हणून भर उन्हात एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. बसमध्ये मोहिनीला बसायला जागा मिळाली ती इंजिनाजवळ. पाळधीपर्यंत तिचा चेहरा लाल झाला होता. तिने विचारलं, "नाना, ही विश्रांती आहे ना?" नाना म्हणाले, एकदा शिक्का बसला की आहे.

जीवराममामा बारकाईचा माणूस. 'काहीही केले नाही' एवढं लिहिलं तर आरोपीचा जबाब वाटतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. काय काय केलं नाही ते तपशिलाने आलं पाहिजे. दीड तास खपून त्यांनी मसुदा केला: 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर कालावधीत मी चित्र, रेखाचित्र, आकृती, रांगोळी, मेंदी, ठिपका अथवा रेघ काढलेली नाही, इतरांकडून काढवून घेतलेली नाही, व काढणाऱ्यास उत्तेजन दिलेले नाही.' नानांना तो मसुदा इतका भावला की त्यांनी तो दोनदा मोठ्याने वाचायला लावला. मग मामांनी मोहिनीपुढे पेन धरला, सहीसाठी.

मोहिनीने पेन घेतला आणि तिचा हात थरथरू लागला. आतापर्यंत नानांनी हे फक्त फोनवर ऐकलं होतं. पेनचं टोक कागदावर टकटक वाजत होतं. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि कशीबशी सही केली, म्हाताऱ्या माणसाची असावी तशी वेडीवाकडी. मामांनी नजर वळवली. नानांना त्या टकटकीची भीती वाटली. खुर्ची सोडू नकोस हे आपणच सांगितलं होतं, हे त्यांना त्या खोलीत पहिल्यांदा नीट आठवलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी इंजिनाजवळची जागा स्वतः घेतली आणि मोहिनीला खिडकीशी बसवलं.

पण सुरू झालेलं प्रकरण माणसाच्या मनावर थांबत नसतं. प्रतिज्ञापत्र जोडलं गेलं आणि वरून हुकूम आला की 'विशेष बाब' म्हणून तलाठ्यांनी स्थळपाहणी व पंचनामा करून अहवाल द्यावा. तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण नाव बदललं तरी दप्तर तेच. त्या दिवशी पुष्पाबाईंनी नानांना एकच गोष्ट ऐकवली: पोर येऊन अडतीस दिवस झाले, ती झोक्यावर एकदा तरी बसली का ते सांगा. नानांनी बोटांवर हिशेब सुरू केला आणि एकही बोट न मिटता हात खाली घेतला.

चाळिसाव्या दिवशी तलाठी आल्या. दिपमाला त्यांचं नाव, वय तिशीच्या आत, स्कूटरवर दप्तर बांधलेलं. गुन्ह्याचा पंचनामा त्यांनी केला होता, गारपिटीचा केला होता, विश्रांतीचा पहिलाच. तरी त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही, आणि त्यामुळे नानांना त्या फार आवडल्या. ओसरीवर सतरंजी पडली, कॉलनीतले पाच जण पंच म्हणून बसले, आणि साक्षी सुरू झाल्या.

साक्षी अशा काही निघाल्या की नाना थक्क झाले. चाळीस दिवस ज्यांनी ज्यांनी मोहिनीवर राग धरला होता, ते सगळे तो राग घेऊन आले होते. मास्तरांनी सांगितलं की शुद्धलेखनाच्या शंभर ओळींपैकी तिने एकही काढली नाही. कुणी म्हणालं, शाळेच्या फलकाला नाही म्हणाली. कुणी म्हणालं, मेंदीलासुद्धा नाही. बेबाबाई सगळ्यांत शेवटी उठल्या.

"मना पोऱ्यानं लगीन व्हतं, मॅडम. मी हिले तीनदा सांगं, दारवर मोर काढी दे. हिनी बोटभर रेघ बी काढी नही. आळशी पोर शे. लिखी ल्या."

दिपमालाताईंनी लिहून घेतलं. एवढा भक्कम पुरावा नानांनी छत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. एकही साक्षीदार फिरला नाही.

आता फक्त जागेचा कच्चा नकाशा राहिला होता. पंचनाम्याला तो लागतोच. दिपमालाताईंचा पेन नेमका संपला, म्हणून नानांनी खिशातला आपला शाईचा पेन दिला. ताईंनी एक चौकोन काढला. तो चौकोन खाली निमुळता होत गेला. त्यांनी तो खोडून दुसरा काढला, त्यात घर मावलं पण अंगण बाहेर गेलं. त्या स्वतःशीच म्हणाल्या की नकाशाचे मार्क त्यांना परीक्षेतही कमी होते. मोहिनी त्यांच्या शेजारी बसून पाहत होती. तिने हळूच हात पुढे केला आणि ताईंच्या हातातून पेन काढून घेतला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिने आधी घराचा चौकोन काढला. पट्टीशिवाय, एका दमात. मग पूर्वेला बेबाबाईंचं घर. दक्षिणेला रस्ता. नाना चष्मा सावरून पुढे झुकले. पंच झुकले. रस्त्यावर स्कूटर आली आणि तिच्यावर दप्तर. बेबाबाईंच्या दाराला दोन्ही बाजूंनी दोन मोर आले, पिसारे फुललेले, आणि मध्ये कमरेवर हात ठेवून खुद्द बेबाबाई. स्वयंपाकघरात पाठमोऱ्या पुष्पाबाई, पदर खोचलेला, आणि ती पाठ इतकी ओळखीची की पुष्पाबाईंनी आपला हात मागे नेऊन पाठीला लावून पाहिला. फाटकात नाना होते. काखेत फाईल, दोन्ही पाय जमिनीपासून वर, आणि डोळे त्या फाईलकडे. हसण्यासारखंच होतं ते. पण ओसरीवर कुणी हसलं नाही. पेन कागदावर सरकताना बारीकसा आवाज करत होता आणि सगळे तो ऐकत होते. शेवटी मोहिनीने मागचं अंगण काढलं, निंब काढला, निंबाला झोका काढला. झोक्यावर कुणी नव्हतं.

तिने पेन खाली ठेवला. नानांनी तिच्या हाताकडे पाहिलं. हात सतरंजीवर निवांत पडला होता, नुकताच झोपलेल्या मुलासारखा. आयुष्यभर त्यांनी पोरीची चित्रं पाहिली होती, पण ती काढताना कधी पाहिली नव्हती. त्या वेळी ते कचेरीत असत. पांढऱ्या कागदावर काहीच नसताना तिथे आपलं घर येतं आणि आपल्याच पोरीच्या बोटांतून येतं, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"थरथरला नाही," ते कसेबसे म्हणाले.

"कुणी 'काढ' म्हटलं नाही ना, नाना," मोहिनी म्हणाली, आणि ती स्वतःच इतकी चकित झाली होती की तिने हात उलटसुलट करून पाहिला.

मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. ज्या कागदावर बाईने रेघही काढली नाही असं पाच पंचांसमक्ष लिहिलं होतं, त्याच कागदाच्या पाठीवर हे सगळं होतं. दिपमालाताईंनी आवाज खाली आणला. त्या म्हणाल्या, नाना, मी घरी जाऊन दुसऱ्या कागदावर साधा चौकोन काढते, हा कागद तुम्ही ठेवून घ्या, कुणाला कळायचं कारण नाही. पंचांनी माना डोलावल्या. बेबाबाईंनीही. कॉलनीत इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

नाना मोहिनीकडे पाहत राहिले. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून खोटी नोंद झाली नव्हती. पण आज खोटी नोंद केली तर पोरीचं पुस्तक नक्की, आणि खरी केली तर काय होईल हे सांगता येत नव्हतं. मोहिनीने फक्त एवढंच सांगितलं की तुम्हाला जे दिसलं ते लिहा, डेन्मार्कचे लोक ते वाचून घेतात.

नानांनी पेन उचलला आणि पंचनाम्याखाली, आपल्या वळणदार अक्षरात, शेरा लिहिला: 'सदर अर्जदारास चाळीस दिवसांत विश्रांती मिळाली नाही. त्यास अर्जदाराचे वडील जबाबदार. आज रोजी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी तिने चित्र काढले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, राहवले नाही म्हणून. हात थरथरला नाही. समक्ष पाहिले.' खाली सही केली. पुढे पदनाम लिहायची त्यांना सवय होती. तिथे क्षणभर थांबून त्यांनी 'वडील' असं लिहिलं.

दिपमालाताईंनी शेरा वाचला आणि दप्तरातून शिक्का काढला. गोल होता. त्यांनी तो शाईवर दाबला, कागद उलटला, आणि शिक्का नकाशाच्या कोपऱ्याकडे नेला. नानांनी चटकन मध्ये हात घातला.

"थांबा ताई," ते म्हणाले, "रेघ अजून ओली शे."

ताई शिक्का हातात धरून थांबल्या. पंच थांबले, पुष्पाबाई उंबऱ्यात थांबल्या, बेबाबाई आपल्या मोरांवर डोळे लावून थांबल्या. धुळ्याच्या उन्हाळ्यात शाई वाळायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण त्या दुपारी ती वाळली असं म्हणायची कुणालाच घाई नव्हती.